एसटीचं अर्धं तिकीट, युरियाची गोणी आणि समाजवाद

गिरणाथडी | शनिवार, रात्री ९.१०

राम राम मंडळी.

गेल्या रविवारी आई मावशीकडून एसटीने परत आली. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून ती कोणाच्या मोटारसायकलची वाट बघत बसत नाही. मनात आलं की पिशवी घेते आणि निघते. ती ओसरीवर टेकली आणि तिच्या हातातल्या तिकिटावरून माझ्या धाकट्या भावाची आणि माझ्या मुलाची जुंपली.

भावाचं खत-बियाण्याचं दुकान आहे. तो म्हणाला, अर्धं तिकीट, फुकट रेशन, २६६ रुपये ५० पैशांची युरियाची गोणी, कपाशीच्या पाकिटाचा सरकारने बांधलेला भाव, हा सगळा समाजवाद आहे आणि त्यानेच आपण मागे राहिलो. मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तो म्हणाला, "काका, समाजवादच आहे, आणि त्याच्यामुळेच तुम्ही-आम्ही शिकलो. जिल्हा परिषदेची शाळा, सिव्हिल हॉस्पिटल, एसटी, हा समाजवाद नाही तर काय?"

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की एवढ्या तावातावाने भांडूनही मूळ मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं. सरकारने कशातही हात घातला की तो समाजवाद, हे दोघांनी धरूनच चाललं होतं. मला तेच पटत नाही, म्हणून हा धागा.

मी तीस वर्षं इतिहास शिकवला. माझ्या समजुतीप्रमाणे समाजवादाचा पहिला प्रश्न मालकीचा आहे. जमीन, गिरणी, खाण, यंत्र कोणाचं? त्यातून सुटणारा नफा कोणाच्या घरी जातो? काय पिकवायचं, काय बनवायचं, हे कोण ठरवतं? गिरणी शेठची आहे आणि सरकारने फक्त एवढं सांगितलं की लहान पोरांना अमुक तासांपेक्षा जास्त राबवू नका, तर गिरणी शेठचीच राहते. आपल्याकडे पहिला फॅक्टरी कायदा १८८१ ला इंग्रजांनी केला. त्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचाही रेटा होता, कारण मुंबईच्या गिरण्यांचं स्वस्त कापड त्यांना जड जात होतं. तो कायदा समाजवादी म्हणायचा असेल, तर लँकेशायरचे शेठ लोकही समाजवादी म्हणावे लागतील.

जर्मनीचं उदाहरण मी वर्गात नेहमी द्यायचो. तिथला चान्सलर बिस्मार्क याने १८७८ ला कायदा करून समाजवाद्यांच्या सभा, संघटना, वर्तमानपत्रं बंद केली. त्याच बिस्मार्कने १८८३ ला कामगारांचा आजारविमा आणला, १८८४ ला अपघातविमा, १८८९ ला म्हातारपणची पेन्शन. कामगार समाजवाद्यांकडे जाऊ नयेत हा त्याचा हेतू उघड होता. सरकारी पेन्शन हाच समाजवाद असेल, तर समाजवाद्यांना तुरुंगात घालणारा माणूस युरोपातला मोठा समाजवादी ठरतो.

आणि आपल्या खानदेशाला हा शब्द नवा नाही. डिसेंबर १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू. त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनात त्यांनी समाजवादाची बाजू उघडपणे मांडली होती. पण फैजपूरला जो शेतीचा ठराव झाला त्यात शेतसारा आणि कुळांचा खंड कमी करा, कर्जातून सोडवा, शेतकऱ्यांच्या संघटनेला मान्यता द्या, अशा मागण्या होत्या. जमिनी सरकारजमा करा असं त्यात नव्हतं. तेव्हाच्या लोकांनाही दोन्हीतला फरक कळत होता.

तुम्ही रेघ कुठे ओढता? पुस्तकातलं नको, आपापल्या धंद्यातलं सांगा.

---

सराफ_तिसरी_पिढी | शनिवार, रात्री १०.०२

सर, तुमची व्याख्या पुस्तकात बरोबर असेल. दुकानात बसणाऱ्याला ती वेगळी दिसते.

जळगावात आमची तिसरी पिढी सोन्यात आहे. जानेवारी १९६३ ला मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायचे नाहीत. आपल्याकडे १४ कॅरेटचं मंगळसूत्र कोण घेणार? आजोबा कारागीर होते. सहा महिने भट्टी पेटली नाही. आजीने आपल्याच पाटल्या मोडल्या आणि घर चालवलं, हे मी तिच्या तोंडून ऐकलंय. १४ कॅरेटची अट १९६६ ला गेली, पण १९६८ ला कायदाच आला. घरात सोन्याची लगड ठेवायची नाही, सराफाला परवाना, कारागिराला दाखला, त्याच्याजवळ किती सोनं असावं त्याला मर्यादा. हे १९९० पर्यंत चाललं.

दुकानाची मालकी आमचीच होती हो. सरकारने दुकान घेतलं नव्हतं. पण काय घडवायचं, किती घडवायचं, कोणाला विकायचं, हे सगळं सरकार ठरवणार, मग त्या मालकीचं करायचं काय? सातबारा तुमच्या नावावर आणि नांगर कधी घालायचा ते तलाठी सांगणार, असं झालं ते. म्हणून माझी रेघ मालकीच्या बरीच अलीकडे आहे. नियमन वाढत गेलं की एका ठिकाणी मालकी नावापुरती उरते, आणि ते ठिकाण मागे पडलं हे आपल्याला उशिरा कळतं.

---

भुसावळ_यार्ड | शनिवार, रात्री १०.३५

रेल्वेतून निवृत्त. माझी एक भर.

भुसावळवरून जाणारी जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ही खासगी कंपनी होती. लंडनच्या भागधारकांची. त्यांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा झाला तर कंपनीचा, कमी पडला तर भर इथल्या सारा भरणाऱ्यांनी घालायची. पुढे १९०० ला सरकारने ती विकत घेतली आणि १९२५ ला कारभारही हातात घेतला. म्हणजे गिरणाथडी सरांच्या व्याख्येतली मालकी बदलली, आणि ती बदलली व्हाइसरॉयच्या राजवटीत. नुसती सरकारी मालकी हाही समाजवाद नव्हे, एवढंच म्हणतो.

---

केळी_रावेर | रविवार, सकाळी ७.१५

बागेत पाणी सोडून लिहितोय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आमच्या केळीला हमीभाव नाही. केळी कापली की थांबत नाही, कापसासारखी घरात भरून ठेवता येत नाही. वर्षानुवर्षं आमचा भाव बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे बघून ठरत आला. बोर्डावर एक भाव लागतो आणि बागेत व्यापारी दुसराच देतो. म्हणतो, घड पातळ आहे, माल बारीक आहे, वर भाव पडलेत. कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, ऐन कापणीला आली की शेतकरी अडलेला असतो, हे त्यालाही ठाऊक असतं. दोन वर्षांपूर्वी माझी एक गाडी बोर्डापेक्षा खूप कमी भावात गेली. पावतीवर बोर्डाचा भाव लिहिला आणि हातात कमी पैसे दिले. मी कोणाचं नाव घेत नाही.

मला सरकारने केळी विकत घ्यावी असं वाटत नाही. सरकारी केळी कुठे सडेल ते मला दिसतंय. मला एवढंच पाहिजे की जो भाव जाहीर झाला तो द्यावा लागेल, काटा खरा असेल, आणि नाही दिला तर विचारणारा कोणी असेल. याला समाजवाद म्हणा नाहीतर काही म्हणा. माझ्या मते हा नुसता बाजार आहे. काटा खोटा असेल तर तो बाजारसुद्धा नाही, ती लूट आहे.

---

सराफ_तिसरी_पिढी | रविवार, सकाळी ९.४०

@केळी_रावेर, दादा, तुमच्या काट्याला माझा पूर्ण पाठिंबा. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नगावर सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक आला. सुरुवातीला बाजारात खूप ओरड झाली, मीही त्यात होतो. आज सांगतो, जळगावच्या सोन्याला लांबून गिऱ्हाईक येतं ते शब्दावर येतं, आणि आता तो शब्द दागिन्यावर कोरलेला असतो. प्रामाणिक सराफाचं त्यात नुकसान नाही.

१९६३ चं सरकार म्हणालं, तू हे घडवायचं नाही. २०२१ चं म्हणतं, हवं ते घड, पण २२ कॅरेट म्हणालास तर २२ भरलं पाहिजे. दोन्हीला आपण "नियमन" म्हणतो. माझा राग पहिल्यावर आहे.

---

गिरणाथडी | रविवार, सकाळी १०.२०

@सराफ_तिसरी_पिढी, तुमच्या आजीच्या पाटल्यांचं वाचून थांबलो. अशा गोष्टी पाठ्यपुस्तकात येत नाहीत.

पण सुवर्ण नियंत्रण का आलं ते बघा. १९६२ चं युद्ध झालं होतं, परकीय चलनाची तंगी होती, सोन्याची चोरटी आयात थांबवायची होती. गरीब-श्रीमंत समान करण्याचा तो कार्यक्रम नव्हता. उलट त्याने गरीब कारागीर आधी भरडला. तो वाईट कायदा होता हे मान्य. वाईट सरकारी कायदा आणि समाजवाद हे एकमेकांचे प्रतिशब्द आहेत, हे मान्य नाही.

तरी तुमचा मुद्दा उरतोच. मालकी नावापुरती उरली तर काय, याला माझ्याकडे तयार उत्तर नाही.

---

पांढरं_सोनं_पारोळा | रविवार, दुपारी १.०५

कापूस एकाधिकार खरेदीचं नाव कोणीच घेतलं नाही? खानदेशात हा विषय त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

१९७१ चा कायदा, १९७२ पासून खरेदी. महाराष्ट्रात पिकलेला कापूस सरकारी योजनेलाच घालायचा, खासगी व्यापाऱ्याने घ्यायचा नाही. हे नियमन नाही आणि निव्वळ सेवाही नाही. एका पिकाचा आख्खा व्यापार सरकारने आपल्या हातात घेतला. कोणाला समाजवादाचा आपल्याकडचा जवळचा नमुना पाहिजे असेल तर हा घ्या. तरीही शेत शेतकऱ्याचं, कापूस शेतकऱ्याचा.

माझे वडील याच्या दोन्ही बाजू सांगायचे. पहिली अशी की व्यापारी जी कट्टी लावायचा, म्हणजे वजनातून कापायचा, मापात मारायचा, वायद्यावर पैसे ठेवायचा, ते थांबलं. भाव आधी कळायचा. घरात लग्न काढायचं तर माणूस हिशेब करू शकायचा. दुसरी बाजू अशी की केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागायची, दोन-दोन रात्री गाडीखाली झोपायचं, बैलांचा चारा घरून न्यायचा. ग्रेडरने बोंड चोळून बघितलं आणि प्रत खाली लावली की बोलायची सोय नव्हती, कारण दुसरा घेणाराच नव्हता. चुकारे उशिरा. आणि ज्या वर्षी बाहेर भाव जास्त, त्या वर्षी रात्रीतून गाड्या गुजरातेत आणि मध्य प्रदेशात. आपला सगळा मुलूख सीमेवरचा, रस्ते सगळ्यांना माहीत. स्वतःच्या शेतातला कापूस चोरासारखा न्यायचा, ही गोष्ट वडिलांना शेवटपर्यंत बोचत राहिली.

२००२ च्या सुमारास एकाधिकार उठला. आता सी.सी.आय., म्हणजे केंद्राचं कापूस महामंडळ, आहे. बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला की घेते. ती सरकारी, शेजारी खासगी जिनिंग, आपल्याला पटेल तिथे घाला. मला हे जास्त बरं वाटतं. सरकार बाजारात उभं पाहिजे, पण ते एकटं उभं नको.

---

कृषीकेंद्र | रविवार, दुपारी ३.३०

मी गिरणाथडीचा तो भाऊ. पुतण्याने धागा पाठवला, म्हणून खातं काढलं.

दादा, तुझं सगळं वाचलं. तू बियाण्याच्या भावाचा उल्लेख केला पण पुढचं लिहिलं नाही, ते मी लिहितो. बीटी कपाशी २००२ ला आली तेव्हा ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या घरात होतं. त्यात कंपनीच्या तंत्रज्ञानाची फीच मोठी होती. २००६ च्या हंगामात आंध्र सरकार भांडलं आणि पाकीट साडेसातशेवर आलं, पाठोपाठ आपल्याकडेही. २००९ ला महाराष्ट्राने कायदा केला, २०१५ च्या शेवटी केंद्राने आदेश काढला. शेतकऱ्याचा त्यात फायदा झाला, हे मी दुकानदार असून कबूल करतो. बियाणं एकाच्याच हातात असलं की तिथे बाजार काय करणार?

पण मी त्या दिवशी का भडकलो तेही ऐक. भाव बांधला की ज्या वाणाची मागणी, तोच गायब होतो. शेतकरी माझ्या काउंटरवर येऊन मलाच चोर म्हणतो. युरियाचं तर त्याहून वाईट. भाव सरकारचा, माल कंपनीचा, आणि गाडी पाहिजे असेल तर सोबत न खपणारी औषधं आणि विद्राव्य खतं घ्यावी लागतात. याला आमच्या धंद्यात लिंकिंग म्हणतात. मी घेतलं की शेतकऱ्याच्या माथी मारू का स्वतः तोटा खाऊ? तपासणीला साहेब येतो तो माझं रजिस्टर बघतो, पॉस मशीन बघतो, भावफलक बघतो. जिथून लिंकिंग सुरू होतं तिथे कोण जातं?

मला नियम नको असं मी म्हणत नाही. नियमाचं ओझं सर्वांत लहान माणसाच्या डोक्यावर येतं, त्याला मी त्या दिवशी समाजवाद म्हणालो. शब्द चुकला असेल. दुखणं खोटं नाही.

---

गिरणाथडी | रविवार, दुपारी ४.१०

आप्पा, हे तू घरात का नाही बोललास? लिंकिंगचं मला आज कळलं.

---

पांझराकाठ | रविवार, रात्री ८.४५

सगळे एकतर सरकार नाहीतर व्यापारी असं बोलताय. आमच्याकडे तिसरं आहे. धुळे-साक्रीकडच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी फडपद्धत लिहितो.

पांझरेवर ठिकठिकाणी जुने दगडी बंधारे आहेत, दोन-तीनशे वर्षांपूर्वीपासूनचे. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि गावाची भिजणारी जमीन फडांत वाटलेली असते. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या फडात ऊस, त्या फडात गहू, एखादा फड पाळीने कोरडा ठेवायचा. तुझं शेत कितीही मोठं असो, फडात जे ठरलं तेच. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. ही माणसं गावच नेमायचं आणि धान्यावर ठेवायचं. बंधारा-पाट साफ करायला घरटी माणूस यायचा.

आता बघा. जमीन ज्याच्या-त्याच्या नावावर, म्हणजे मालकी खासगी. पण कोणतं पीक घ्यायचं हे मालक ठरवत नाही, सगळे मिळून ठरवतात. सराफभाऊंच्या हिशेबाने मालकी नावापुरती उरली. तरी माझ्या आजोबांना ती जाचक वाटली नाही. ते म्हणायचे, "पानी सरकारनं नही, नदीनं शे", म्हणजे पाणी सरकारचं नाही, नदीचं आहे. पाटकऱ्याने पाळी चुकवली तर त्याला चावडीवर उभं करता यायचं. पाटकरी त्यांच्या ओळखीचा, त्याचं धान्य त्यांच्या खळ्यावरून जायचं. जळगावच्या कारागिराने १९६३ ला दिल्लीतल्या मंत्र्याला कसं उभं करायचं? मला फरक इथे वाटतो. नियम कोणी केला आणि त्याला मी गाठू शकतो का.

वर धरणं झाली, विहिरी-बोअर झाले, ज्याला-त्याला आपलं पाणी मिळालं आणि बरेच फड मोडले. काही अजून तग धरून आहेत. मी त्याला सोन्याचा मुलामा देत नाही. त्या गावकीत मोठ्या घरांचाच शब्द चालायचा, आणि ज्याला जमीनच नव्हती त्याला पाण्यात वाटा नव्हता.

---

वकील_धुळे | रविवार, रात्री ९.३०

घटनेतली थोडी भर. हा शब्द घेऊन आमच्या बाररूममध्येही वाद होतात.

१५ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत के. टी. शाह यांनी "सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट" असे शब्द घालायची दुरुस्ती सुचवली. बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, समाजाची रचना कशी असावी हे त्या-त्या काळच्या लोकांनी ठरवायचं, घटनेने आज बांधून टाकायचं नाही. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांत त्या दिशेच्या तरतुदी आहेतच. हे बोलणारा माणूस समाजवादाचा वैरी नव्हता. एकच वर्ष आधी, १९४७ ला, त्यांनी स्वतः लिहून दिलेल्या मसुद्यात शेतजमीन, मूलभूत उद्योग आणि विमा सरकारी मालकीचा असावा अशी मागणी होती. गिरणाथडी सर म्हणतात तो मालकीचा समाजवाद त्यांना नेमका माहीत होता, म्हणूनच तो शब्द सैलपणे वापरू दिला नाही असं मला वाटतं.

पुढे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने "समाजवादी" उद्देशिकेत आला. नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो काढण्याच्या याचिका फेटाळल्या आणि सांगितलं की आपल्याकडे या शब्दाचा अर्थ कल्याणकारी राज्य, समान संधी. खासगी उद्योगाला त्याने आडकाठी होत नाही. त्याच महिन्याच्या सुरुवातीला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, महाराष्ट्रातल्याच खटल्यात, असंही म्हटलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही "समाजाची भौतिक साधनं" ठरत नाही.

म्हणजे कायद्याच्या भाषेत भारतातला "समाजवाद" कल्याणकारी राज्याच्या जवळ आला आहे. त्या अर्थाने सरांचा मुलगा अगदीच चूक नाही.

---

सातपुड्याची_सिस्टर | सोमवार, पहाटे ५.५०

नाइट ड्यूटी संपतेय. काल रात्री सगळा धागा वाचला.

मी धडगावकडे आरोग्य केंद्रात आहे. आधी नर्मदाकाठच्या पाड्यांवर होते, तिथे सरदार सरोवराचं पाणी आत आल्यावर बोटीशिवाय जाता येत नाही, म्हणून तरंगता दवाखाना असतो. बाळंतीण अडली की चार माणसं झोळी करून डोंगर उतरवतात. तिथे खासगी डॉक्टर येत नाही, येणारही नाही, कारण पैसे देणारा कोणी नाही. सरकारी बोट आली नाही तर काहीच येत नाही. त्या बाईला हा समाजवाद आहे का असं विचारायला मला तोंड होणार नाही. म्हणून कृषीकेंद्र भाऊंना सांगते, "फुकट" हा शब्द जरा जपून वापरा. पाड्यावरचं माणूस काडेपेटी घेतं, त्यावर कर भरतंच.

पण ज्यांना सरकार म्हणजे चांगलंच वाटतं त्यांनाही सांगते. याच लोकांचं जंगल इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने सरकारी केलं, स्वातंत्र्यानंतरही ते सरकारीच राहिलं. मालकी सरकारची, बरोबर? आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे नागली-भगर पिकवणारा माणूस कागदावर अतिक्रमणदार. वनहक्क कायदा यायला २००६ उजाडलं, आणि दाव्यांचे कागद अजून फिरताहेत. धरणही सरकारीच होतं. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली तेहतीस गावं त्यात गेली. इतकी सरकारी मालकी तुम्हाला खानदेशात दुसरीकडे कुठे दिसणार नाही, आणि इतके हात रिकामे असलेले लोकही.

पांझराकाठ दादांनी लिहिलं ते मला पटलं. तोच प्रश्न मी दवाखान्याला लावते. औषध संपलं तर पाड्यावरचा माणूस कोणाला उभं करणार? सध्या तो मलाच उभं करतो, आणि माझ्या हातात मागणीपत्र लिहिण्यापलीकडे काही नसतं.

---

रोहयोचा_मुलगा | सोमवार, सकाळी ८.२०

सिस्टरताई, कर कोण भरतं यावरून आठवलं. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची. तिथून वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू. त्या पैशासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. आजही माझ्या पगारातून तो कापला जातो. पगारपत्रकावर तो आकडा दिसला की मला आईचे हात दिसतात. मला तो कधीच जड झाला नाही.

कामाचा हक्क कायद्याने द्यायचा आणि त्याचे पैसे शहराने द्यायचे, हे मला मालकीपेक्षा जास्त समाजवादी वाटतं. सर, तुमची व्याख्या इथे अपुरी पडते.

---

गिरणाथडी | सोमवार, रात्री ९.०५

दिवसभर सुचेल तसं खरडत होतो, आता लिहितो.

मी मालकीवर रेघ ओढली होती. भुसावळ_यार्ड आणि सिस्टरताईंनी दाखवलं की मालकी सरकारकडे जाऊनही ती लोकांकडे जात नाही. सातपुड्यातलं जंगल कागदावर सार्वजनिक होतं आणि तिथल्या माणसाला त्यात पाय ठेवायला परवानगी लागत होती. हे मी वर्गात कधी शिकवलं नाही. इतकी वर्षं नंदुरबारचा नकाशा फळ्यावर काढला, पण हा प्रश्न पोरांपुढे ठेवला नाही याचं वाईट वाटतं.

सराफभाऊंना: नियम कोणी केला आणि त्याला गाठता येतं का, या पांझराकाठच्या कसोटीवर तुमचं १९६३ आणि २०२१ दोन्ही घासून बघा. हॉलमार्कचा फायदा तुम्हाला दिसला हे खरं, पण तो करताना तुम्हाला विचारलं होतं का?

रोहयोच्या मुलाला: तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. तुम्ही म्हणता ते वाटपाचं झालं, आणि तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही. तरी मला अजून वाटतं की वाटप आणि मालकी हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. एकत्र केले की माझ्या घरात झालं तेच होतं. आईच्या एसटीच्या तिकिटावर बोलायचं असतं आणि माणसं रशियावर भांडतात. तिकीट परवडतं का, गाडी वेळेवर येते का, सवलतीचे पैसे महामंडळाला वेळेवर मिळतात का, हे विचारायचं राहून जातं.

आणि आप्पा, लिंकिंगच्या पावत्या असतील तर काढून ठेव. तालुक्यातल्या बाकी दुकानदारांशी बोल. एकट्याने तक्रार केली तर पुढच्या हंगामाला गाडी मिळणार नाही ही तुझी भीती मला कळते. दहा जणांनी मिळून लिहिली तर कशी होईल, एवढं बघ. अर्ज मी लिहून देतो.

---

सराफ_तिसरी_पिढी | सोमवार, रात्री ९.५०

नाही विचारलं. संघटनेने निवेदनं दिली, संपही झाला, मग काही गोष्टी बदलल्या. म्हणजे गाठता आलं, पण दमछाक करून.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही सर. सरकारच्या हातात एकदा दिलेली गोष्ट परत घ्यायला आम्हाला २७ वर्षं लागली. म्हणून देताना मी कचरणारच.

---

कृषीकेंद्र | सोमवार, रात्री १०.१५

पावत्या आहेत. पाच-सहा जण तयार होतील असं वाटतं, उद्या बाजाराच्या दिवशी बोलतो. दादा, अर्ज साध्या भाषेत लिही.

---

केळी_रावेर | सोमवार, रात्री १०.४०

@पांझराकाठ, तुमच्याकडचा एखादा चालू फड बघायला येता येईल का? आमच्याकडे हतनूर धरणाचं आवर्तन आलं की शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही, दरवर्षी भांडणं. पाळ्या कशा लावतात ते बघायचंय. चार-पाच जण गाडी करून येऊ.

---

पांझराकाठ | मंगळवार, सकाळी ६.३०

या ना दादा. गव्हाच्या पाण्याच्या वेळी या, तेव्हा पाळी बसलेली बघायला मिळेल. पाटकऱ्यांशी बोलून दिवस कळवतो. ते पहाटेच पाटावर जातात, तर मुक्कामालाच या. जेवायला आमच्याकडे.